पांढऱ्यावरचा ठिपका

सुप्याच्या एमआयडीसीत वॉशिंग मशीनची प्लास्टिकची झाकणं बनवणारी एक कंपनी आहे. तिथल्या तपासणीच्या टेबलावर यशोधरा साळवे बसली, की मोल्डिंगवाली पोरं जरा सावरूनच कामाला लागायची. झाकणं असतात पांढरीशुभ्र. यंत्रात प्लास्टिक वितळताना एखादा कण करपला, की त्या पांढऱ्यावर काळा ठिपका उमटतो, आणि असं झाकण गिऱ्हाईक घेत नाही. ठिपका खसखशीएवढा का असेना, यशोधराच्या हातून तो सुटत नसे. झाकण उचलायचं, ट्यूबलाइटखाली एकदा आडवं, एकदा उभं फिरवायचं, की झाला निकाल. चांगलं ते निळ्या क्रेटमध्ये, डागाळलेलं ते लालमध्ये. लाल क्रेटमधलं झाकण परत उचलून "ताई, हे चालंल की" म्हणायच्या फंदात सहसा कुणी पडत नसे. पडलाच कुणी, तर ती नखानं जागा दाखवी आणि पुढचं झाकण उचली.

ही नजर तिची जुनीच. लग्न होऊन वाघुंड्याला आली तेव्हा नवरा, कचरू, स्लॅबच्या सेंटरिंगच्या कामाला जायचा आणि ती वाटाण्याच्या एका व्यापाऱ्याकडे बियाणं निवडायला. किडका दाणा तिच्या बोटांना आपोआप सापडायचा. बाकीच्या बायका आपापल्या सुपात डोकं घालून बसायच्या. ही गप्पा मारता मारता शेजारणीच्या सुपातलाही किडका दाणा उचलून टाकायची. पुढं कंपन्या आल्या, गावातल्या बाया कामाला लागल्या, तशी तीही लागली. आधी पॅकिंगला, मग तपासणीला. चाळिशी उलटल्यावर तिनं स्वतःच्या पगारातून स्कूटी घेतली आणि ओढ्याच्या रस्त्यावर पडत-धडपडत शिकली. कुणी म्हणालं, "अगं, हायवेला कशाला नेतीस, लई ट्रक असत्यात," तर तिचं उत्तर तयार असायचं, "मला दिसतंय ना? मग भ्यायचं कशाला?"

आणि नेमका त्या दिसण्यालाच धक्का बसला.

सोमवार होता. पहिल्याच झाकणावर तिला ठिपका दिसला. ते लाल क्रेटमध्ये गेलं. दुसऱ्यावर नव्हता, तिसऱ्यावर होता, चौथ्यावर होता. चहाच्या सुट्टीपर्यंत लाल क्रेट भरून वाहायला लागली. तिनं समोर बसलेल्या रेश्माला सांगितलं, "जा, सरांना बोलव. मशीनमधी कायतरी जळतंय."

सुपरवायझर रविराज पठारे लगोलग आला. तिशीचा, कमी बोलणारा माणूस. यशोधराचा शब्द म्हणजे त्याच्या लेखी मीटरचा काटा. त्यानं एका शब्दानं न विचारता मशीन थांबवलं, आतलं वितळलेलं प्लास्टिक सगळं बाहेर काढून टाकायला लावलं, मशीन साफ करून घेतलं. शेजारच्या मशीनवरची माणसं माना उंचावून बघायला लागली. मशीन पुन्हा सुरू झालं तसं पहिलं झाकण त्यानं कोमट असतानाच तिच्या हातात दिलं.

"हाय की अजून," ती म्हणाली.

रविराजनं झाकण घेतलं, फिरवलं, दाराच्या उजेडात नेऊन पाहिलं. "ताई, कुठंय?"

"हे काय, हितं." तिनं नख टेकवलं. आणि ठिपका नखाखालून सुळकन वर सरकला. तिनं नख वर नेलं. ठिपका आणखी वर गेला. तिनं फडक्यानं झाकण पुसलं, डोळे मिटून उघडले, पुन्हा पाहिलं. रविराज आणि रेश्मा, दोघंही आता झाकणाकडं नाही, तिच्या तोंडाकडं बघत होते. तिनं झाकण खाली ठेवलं आणि समोरच्या चुना दिलेल्या भिंतीकडं पाहिलं.

ठिपका भिंतीवर होता. मागं केसासारखी बारीक शेपटी होती आणि तो पाण्यात पडलेल्या काडीसारखा हळूहळू खाली तरंगत चालला होता.

रात्री झोप झाली नाही, डोळा चुरचुरतोय, असं काहीही सांगून तिला वेळ मारून नेता आली असती. रेश्मानं तर ते सुचवण्यासाठी तोंडही उघडलं होतं. पण यशोधरा उभी राहिली.

"सर, मशीन चांगलं हाय. झाकणं बी चांगली हायेत. खोट माझ्या डोळ्यात हाय." तिचा आवाज रोजच्यासारखाच निघाला, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. "सकाळपासनं मी लाल क्रेटमधी टाकलेलं सगळं दुसऱ्या कुणाकडनं तरी परत तपासून घ्या. आन मला उद्याची सुट्टी पायजे."

"उद्याची कशाला, आत्ताच घरी जा," रविराज म्हणाला. "आणि ताई, स्कूटी राहू द्या इथंच. कंपनीची गाडी सोडंल तुम्हाला."

एरवी तिनं ऐकलं नसतं. त्या दिवशी तिनं किल्ली मुकाट्यानं पर्समध्ये टाकली.

घरी आल्यावर तिनं आधी एक डोळा हातानं झाकून पाहिलं, मग दुसरा. ठिपका कसला, डोळ्यापुढं तरंगणारी माशीच ती, आणि ती उजव्या डोळ्यात होती. आभाळाकडं पाहिलं की दिसायची, ताकाच्या भांड्यात दिसायची, चुलीमागच्या काळ्या भिंतीवर मात्र दिसायची नाही. सासूबाई गीताबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळं डोळ्याच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द मोठा. "मोतीबिंदूच हाय हे," त्या म्हणाल्या. "माझं बी आसंच सुरू झालं हुतं. तवर कांद्याचा रस घाल दोन थेंब, बघ कसं झरझर पाणी निघून जातंय."

"आई, कांदा चिरताना निघतंय तेवढं पानी बास हाय," यशोधरा म्हणाली.

संध्याकाळी मुलगा, चेतन, नगरहून कॉलेज करून आला. त्यानं मोबाईल काढला आणि वाचायला लागला. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरत गेला. "आई, एका ठिकाणी लिहिलंय, हे सगळ्यांनाच होतं, काही नसतं. दुसऱ्या ठिकाणी लिहिलंय, आतला पडदा फाटतो, दृष्टी जाते."

"मग दोन्हीतलं आपलं कुठलं?"

"ते... ते नाही लिहिलेलं."

"कसं आसंल? मोबाईलनं माझा डोळा बघितलाय का? ठेव तो आन जेवायला बस."

बोलायला ती बोलली, पण जेवणात तिचं लक्ष नव्हतं. तिला तिचे बाबा आठवत होते. जवळ्याला माहेरी त्यांची कडेकडेची नजर हळूहळू गेली होती. चालताना ते दाराच्या चौकटीला धडकायचे, आणि विचारलं की म्हणायचे, वय झालं आता, काय दवाखाना करायचा. दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. राहिलंय तेवढं राखू, गेलेलं परत येणार नाही. शेवटची वर्षं ते नातवंडांना आवाजावरून ओळखायचे. यशोधराला आपल्या डोळ्याची भीती वाटत होती ती ही. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, म्हणूनच जास्त वाटत होती.

कचरूनं ताट बाजूला सारलं. "उद्या कामावर जात न्हाई मी. नगरला जाऊ."

"मी तेच म्हननार हुते," ती म्हणाली. "बाबांनी केला तसा उशीर मी करनार न्हाई. काय आसंल ते उद्या कळू द्या."

सकाळी तिनं स्वतःच फोन करून दिल्लीगेटजवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावला. फोनवरच्या मुलीनं बजावलं, डोळ्यात औषध घालून बाहुली मोठी करतात, नंतर काही तास धूसर दिसतं, गाडीवर येऊ नका, सोबत माणूस आणा. दोघं एसटीनं गेले. औषध घातल्यावर बाकावर डोळे मिटून बसायचं होतं. कचरू शेजारी बसून भिंतीवरची डोळ्याची चित्रं वाचत होता आणि मधूनच विचारत होता, "दुखतंय का?"

"न्हाई."

"चुरचुरतंय का?"

"अहो, तुमी जरा गप बसा, मग काय हुतंय ते मला कळंल."

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी आधी रक्तदाब आणि शुगरचे कागद पाहिले, घरात कुणाला डोळ्याचा आजार होता का ते विचारून लिहून घेतलं, मग एकेक विचारायला लागल्या.

"कधीपासून दिसतंय?"

"काल सकाळपासनं. परवा बी आसंल, पर परवा मी खुरपायला गेल्ते. पांढरं काय बघितलंच न्हाई."

"एकच आहे की खूप सारे?"

"एक. आन त्याला एक दोरा."

"डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं होतं का? विशेष करून अंधारात?"

"न्हाई."

"एका बाजूनं पडदा ओढल्यासारखी सावली येते?"

"न्हाई."

"मार वगैरे लागला होता?"

"न्हाई बाई."

मग डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्चीत मागं रेलवलं, स्वतःच्या डोक्याला दिवा बांधला आणि हातात भिंग घेऊन डोळ्यात वाकल्या. वर बघा, खाली बघा, उजव्या खांद्याकडं बघा. उजेड एवढा प्रखर, की यशोधराला अचानक डोळ्यापुढं वाळलेल्या बाभळीच्या फांद्या पसरल्यासारख्या दिसल्या. ती दचकली.

"आता आनखी एक दिसतंय! झाडाच्या फांद्यावानी."

"त्या तुमच्याच डोळ्यातल्या रक्तवाहिन्या," डॉक्टरीणबाई भिंग न हलवता म्हणाल्या. "एवढ्या उजेडात त्यांची सावली दिसते. घाबरायचं नाही. डावीकडं बघा."

तपासून झाल्यावर त्यांनी दिवा काढून ठेवला आणि कचरूलाही जवळ बसवलं.

"ताडगोळ्यातला गर कसा असतो, आरपार? तसा एक गर डोळ्याच्या आत भरलेला असतो. वयाबरोबर तो जागोजागी पातळ होतो आणि त्यात बारीक धागे, गुठळ्या तयार होतात. त्यांची सावली मागच्या पडद्यावर पडते. तुम्हाला दिसतो तो ठिपका म्हणजे ती सावली. तुमचा पडदा मी पार कडेपर्यंत पाहिला. कुठं फाटलेला नाही, ओढला गेलेला नाही. मोतीबिंदू नाही. काचबिंदू नाही."

"शेवटचं परत सांगा," यशोधरा म्हणाली.

"काचबिंदू नाही. डोळ्याचा दाब चांगला आहे. पण वडिलांना होता म्हणालात, म्हणून वर्षातून एकदा तपासत चला."

यशोधरा खुर्चीत पुढं सरकली. "म्हंजे मला दिसतंय ते खरंच हाय? भास न्हाई?"

"खरंच आहे. फक्त तो झाकणावर नाही, तुमच्यात आहे."

"मग औषध?"

"औषध काही नाही. त्याला काही करायचं नाही. हळूहळू मेंदूच त्याच्याकडं बघायचं सोडून देतो."

कचरूला हे अजिबात पटलं नाही. "डॉक्टर म्याडम, येवढ्या लांबनं आलोय. येखादी बाटली तरी द्या थेंबाची."

डॉक्टरीणबाई हसल्या. "उगाच देऊन तुम्हाला समाधान देऊ शकते, पण तो थेंबानं जात नाही. त्यापेक्षा मी सांगते ते नीट ऐका. असे ठिपके एकाएकी खूप वाढले, काळा पाऊस पडल्यासारखे दिसले, कडेला वीज चमकायला लागली, नाहीतर एका बाजूनं सावली यायला लागली, तर त्याच दिवशी यायचं. दुसरा दिवस नाही. आणि महिन्याभरानं एकदा परत दाखवायचं."

"माझं काम पांढऱ्यावरचं काळं बघायचं हाय," यशोधरा म्हणाली. "ते मला करता येईल का?"

"नजर तुमची उत्तम आहे. पण सगळ्यांपेक्षा जास्त वेळा तो तुम्हालाच भेटणार."

"भेटू द्या. वळख करून घेते मी त्याची."

बाहेर आल्यावर उन्हानं तिचे डोळेच दिपले. बाहुल्या मोठ्या झालेल्या, त्यामुळं रस्ता, रिक्षा, दुकानांच्या पाट्या, सगळं पांढऱ्या उजेडात विरघळून गेलेलं. कचरूनं कोपऱ्यावरच्या गाडीवरून काळा चष्मा आणला. तो कुठल्यातरी कॉलेजच्या पोरीला शोभेल असा, कडेला चमचमणारे खडे लावलेला. मग त्यानं तिचा हात धरला आणि रस्ता ओलांडायला लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, चेतन कॉलेजात गेला, पण भर रस्त्यात नवऱ्यानं हात धरल्याची ही पहिलीच वेळ.

"लोक बघत्यात," ती म्हणाली.

"तुला कुठं दिसतंय कोन बघतंय ते," तो म्हणाला. पलीकडं गेल्यावरही त्यानं हात सोडला नाही. रसवंतीत दोघांनी रस प्यायला. ग्लास कुठं आहे ते तिला चाचपडून बघावं लागलं, आणि ती इतकी खळखळून हसली, की रसवाल्यानं मागितल्याशिवायच वर थोडा रस ओतला.

बुधवारी ती कामावर हजर झाली. मॅनेजरसाहेबांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण सोमवारी मशीन बंद राहिलेलं त्यांच्या डोक्यात होतं. "यशोधराबाई, काही दिवस पॅकिंगला बसा. डोळा बरा झाला की बघू."

"साहेब, डोळा बरा हुनार न्हाई, कारन त्यो बिघडलेलाच न्हाई," ती म्हणाली. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिनं सगळं सांगितलं, वीज आणि सावलीसकट. "तुमाला भरोसा वाटंना, हे मला मान्य हाय. तर आजची पाळी मला टेबलावर बसवा, माझ्या मागं दुसऱ्याला तपासायला ठेवा. संध्याकाळी बघा किती चुकते. चुकले तर उद्या मी आपन होऊन पॅकिंगला जाते."

मॅनेजरांनी रविराजकडं पाहिलं. रविराजनं मान डोलावली.

पहिले काही तास जड गेले. माशी सारखी आडवी यायची. पण वाटाणा निवडणाऱ्या बाईला एवढं कळत होतं, की दोन दाणे सारखे दिसले तरी काहीतरी वेगळं असतंच. तिनं झाकण स्थिर धरलं आणि नजर एका कोपऱ्यातून झटकन दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन थांबवली. माशी नजरेमागून धावत आली, थोडी पुढं गेली आणि तरंगत खाली उतरली. झाकणावरचा खरा ठिपका मात्र होता तिथंच राहिला. तिनं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तसंच झालं. जागचा हलत नाही तो झाकणाचा. मागं मागं येतो तो आपला. एकदा हे हाताला लागल्यावर तिचा वेग वाढत गेला. एक झाकण तिनं बाजूला काढून ठेवलं, त्याबद्दल तिची खात्री होत नव्हती. जेवण झाल्यावर डोळा विसावला तेव्हा परत पाहिलं आणि निळ्या क्रेटमध्ये टाकलं. संध्याकाळी रविराजनं तिच्या मागं तपासलेली सगळी झाकणं मॅनेजरांना दाखवली. लाल क्रेटमध्ये एकही चांगलं नव्हतं, निळ्यात एकही वाईट नव्हतं. पॅकिंगचा विषय पुन्हा निघाला नाही.

ही गोष्ट कँटीनमध्ये पसरायला वेळ लागला नाही. आणि मग एकेकीचं तोंड उघडलं. रेश्माची उजवी पापणी कितीतरी दिवस फडफडत होती. बाईमाणसाचा उजवा डोळा लवणं वाईट, म्हणून ती रोज माहेरी फोन करून आईला विचारायची, सगळं बरं आहे ना? आईलाही आता घोर लागला होता. यशोधरानं तिला कंपनीत दर गुरुवारी येणाऱ्या डॉक्टरांपुढं नेऊन उभं केलं. झोप किती घेता, चहा किती पिता, मोबाईल किती बघता, हे विचारून ते म्हणाले, पापणीचा स्नायू दमलाय, त्याला झोपू द्या. रेश्मानं चहा कमी केला, रात्रीच्या मालिका सोडल्या आणि पापणी थांबली. आणखी एकीला झोप लागता लागता विहिरीत पडल्यासारखा झटका बसायचा. तिला वाटायचं, लकव्याची सुरुवात आहे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, झोपेत शिरताना अंग सैल पडतं, तेव्हा असा झटका कुणालाही बसतो. ती बाई त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवली.

हळूहळू लोक म्हणायला लागले, यशोधराताईला सांगितलं की काही निघत नाही. यशोधराला ते बोलणं आवडत नव्हतं. "माझ्यामुळं न्हाई निघत," ती म्हणायची. "दाखवलं म्हनून कळलं, की काय न्हाई." पण अशा बोलण्यातला पुढचाच अर्धा भाग लोकांच्या कानात राहतो.

कँटीनमध्ये छबूबाई चहा द्यायच्या. साठीला टेकलेल्या, जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या, मोठ्यानं बोलणाऱ्या. एका दुपारी त्या केटली घेऊन आल्या आणि हसत म्हणाल्या, "यशोधरा, तुझी माशी माझ्याबी डोळ्यात शिरली गं. येक न्हाई, माश्यांचं सगळं मव्हळ उठलंय! कालपासनं काळा पाऊसच पडतोय जनू."

यशोधराच्या हातातला कप टेबलावर आपटला. "कडेला वीज चमकतीय का?"

"व्हय. डोळं मिटलं की चमकतंय. तुला बी चमकायचं का?"

"आन सावली? येका बाजूनं?"

"खालनं जरा धुरकट दिसतंय. पर तूच तर म्हनत हुतीस, काय नसतंय त्यात."

"मी म्हनले माझ्या डोळ्यात काय न्हाई. तुमच्या डोळ्यात मी कुठं शिरले हुते?" तिनं छबूबाईंच्या हातातली केटली काढून रेश्माकडं दिली. "चला, नगरला जायचंय."

"आत्ता? माझं भांडी घासायचं पडलंय..."

"भांडी ऱ्हात्यात घासायची. चला."

रविराजनं गाडी दिली. वाटेत छबूबाई चष्मा काढून पुन्हा पुन्हा पुसत होत्या. केडगाव मागं पडल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "आंधळी हुईन का गं मी?"

"मला न्हाई माहीत," यशोधरा म्हणाली. खोटा धीर द्यायला तिची जीभ वळली नाही. "पर आज चाललोय, उद्या न्हाई. त्या बाईंनी येवढंच सांगितलं हुतं मला, की त्याच दिवशी या."

डॉक्टरीणबाईंनी छबूबाईंना रांगेतून पुढं घेतलं. पडद्याला कडेला भेग पडली होती आणि भेगेच्या भोवताली पडदा जरासा सुटायला लागला होता. मधली नजर अजून शाबूत होती. त्याच संध्याकाळी त्यांनी लेझरनं भेगेच्या भोवतीनं डाग देऊन पडदा पक्का केला. पुढं पुन्हा पुन्हा तपासायला जावं लागलं, वजन उचलायची मनाई झाली, काही दिवस केटली दुसऱ्या कुणीतरी धरली. पण डोळा वाचला. आज छबूबाई पूर्वीसारख्याच मोठ्यानं बोलत चहा देतात आणि पैसे न देणाऱ्याला लांबूनही ओळखतात.

छबूबाईंना नगरला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत यशोधरा कँटीनमध्ये उभी राहिली. भाषण करायची तिला सवय नव्हती, पण आवाज खणखणीत होता. "माझं नाव घेऊन कुनी कुनाला सांगायचं न्हाई, की काय नसतंय. बहुतेक वेळा नसतंय, हे खरं हाय. मी बी त्यातलीच. पर ते मला दाखवल्यावर कळलं. ज्यानं तपासलं त्यानंच सांगायचं, की काय न्हाई. तवर आपन फकस्त येवढंच म्हनायचं, चल, मी येते संगं." ती खाली बसली आणि डबा उघडला. मागच्या टेबलावरून एक पोरगा उठला, तिच्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, की त्याच्या छातीचा एखादा ठोका मधूनच चुकतो. तिनं त्याला गुरुवारची वेळ सांगितली आणि डब्यातली चटणी पुढं केली.

या सगळ्याला आता वर्ष होऊन गेलं. यशोधराला तिची माशी कधीकधी दिवसच्या दिवस दिसत नाही. दिसली तर ती नजर एकदा झटकते आणि पुढचं झाकण उचलते. स्कूटी पुन्हा हायवेवर धावते. वर्षाची तपासणी कचरू विसरत नाही, कारण त्या दिवशी नगरला दोघंच जातात.

गेल्या महिन्यात कंपनीनं गडद करड्या रंगाची झाकणं काढायला सुरुवात केली. मॅनेजरसाहेब स्वतः टेबलापाशी आले. "बाई, तुम्हाला करड्याच्या टेबलावर घेऊ का? गडद रंगावर तुमचा तो ठिपका दिसणार नाही. डोळ्याला आराम पडेल."

यशोधरानं हातातलं पांढरं झाकण आडवं फिरवलं, उभं फिरवलं, निळ्या क्रेटमध्ये ठेवलं.

"नको साहेब. पांढरं माझ्या हाताचं हाय. करड्याला रेश्मा बसवा, तिची नजर चांगली तयार झालीय." मग तिनं मान वर करून डोक्यावरच्या नळ्यांकडं बोट दाखवलं. "ती कडंची ट्यूबलाइट तेवढी बदलून द्या. दोन दिवस झाले, फडफडतीय. आन ही माझ्या डोळ्यातली न्हाई, मी बघितलंय."

साहेबांनी वर पाहिलं. ट्यूबलाइट खरंच फडफडत होती. त्यांनी लगेच इलेक्ट्रिशियनला हाक मारली.